क्रेनचा हार

जालन्याच्या मस्तगडात माझं फुलांचं दुकान आहे. इथली पतसंस्था बुडवून जेलात गेलेला चेअरमन जामिनावर सुटला, अन् त्याच्या सत्काराला क्रेननं घालायचा हार सांगायला भागवत आला. याच भागवतची पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम तिथं बुडाली. बंद शटरपुढं बसून यानंच चेअरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्ता.

"इब्राहीमभाई, आम्ही ठेवीदारांनीच वर्गणी केली," तो म्हणाला. "साहेब नाराज झाले तर आमचे पैसे बुडतील."

"अन् आता काय तरंगून राह्यले?"

"तुम्हाला न्हाई कळायचं. माणूस खुश ठेवावा लागतो."

मी रोख पैसे आधी घेतले, मंगच सुई उचलली. त्या चेअरमनच्या नावावर उधार द्यायला मी काय ठेवीदार आहे?

नवीन जालन्यात स्टेशनसमोर हार चढला. चेअरमननं माईक घेतला.

"माझ्यावर केस करणाऱ्या सगळ्या ठेवीदारांना मी मोठ्या मनानं माफ केलं!"

टाळ्या थांबेचनात. भागवतनं उपरण्यानं डोळे पुसले.

"पाह्यलं का, इब्राहीमभाई," तो म्हणाला, "किती मोठा माणूस आहे!"