कुंकवाखाली गेलेली तारीख

मी एक जुना नोंदणीचा दाखला आहे. मित्रांनो, सोलापुरात सात रस्त्याजवळ कृत्रिम पाय बनवणारी एक छोटी कार्यशाळा आहे. तिथल्या भिंतीवर मी काचेच्या चौकटीत असतो. माझे मालक कमलाकरराव. त्यांना माणसाला पाय बनवून देण्याचा अधिकार आहे, हे जगाला सांगणे एवढेच माझे काम.

नवा होतो तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! खंडेनवमीला कमलाकररावांच्या पत्नी, रुक्मिणीबाई, करवत-कानशीबरोबर माझीही पूजा करत. त्या ठेंगण्या, त्यामुळे कुंकवाचे बोट नेहमी माझ्या खालच्या कोपऱ्यात टेकायचे. माझी मुदत नेमकी तिथेच लिहिलेली. वर्षावर वर्षे थर चढत गेले. पूजेचे कुंकू पुसायचे कसे, म्हणून कुणी पुसले नाही. मुदत सरली तेव्हा मी एकटाच तळमळलो.

परवा सांगोल्याहून बनाबाई आल्या. मेंढरांमागे हिंडणारी बाई. साप चावून एक पाय गुडघ्याखालून गेलेला आणि कमलाकररावांनीच बसवलेला कृत्रिम पाय आता तडकलेला. त्यांनी माप घेतले, प्लास्टरचा साचा काढला, नवा पाय फुकट मिळावा म्हणून संगणकावर सरकारी अर्ज भरायला बसले. या वर्षीच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. माझा क्रमांक टाकताच पडद्यावर अक्षरे उमटली, 'नोंदणी निष्क्रिय.'

"असं कसं होईल?" कमलाकररावांनी उठून अंगठ्याने कुंकू खरवडले. तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली; मधल्या काळात सरकारी अर्ज भरायची वेळच आली नव्हती.

त्यांनी फोनवर फोन केले. आधी प्रशिक्षण, मग नूतनीकरण, तीन महिने तरी लागतील, असे उत्तर आले. शहरातले दुसरे तज्ज्ञ परगावी होते.

"सायेब, हात त्योच हाय की तुमचा!"

"हात तोच आहे, बनाबाई. माझी सही चालत नाही."

"मग पुन्यांदा अर्ज कवा?"

"पुढच्या वर्षी."

"तवर मेंढरं ऱ्हात्यात व्हय? येत्या ऐतवारी बाजारात इकावीच लागतील की वो!" आणि त्या ढसाढसा रडल्या. कमलाकररावांना वर बघवेना.

पाच वाजले. तडकलेल्या पायाला फडके बांधून बनाबाई खुरडत जिना उतरल्या. त्यांचा साचा माझ्याखाली फळीवर आहे. त्याच्याकडे पाहिले की मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, तुमच्या भिंतीवरही माझ्यासारखे कागद असतील. त्यांना खुशाल कुंकू लावा, पण आधी काच पुसून ते वाचा. माझी एक तारीख कुणी वाचली नाही, आणि येत्या रविवारी बनाबाईंची मेंढरे सांगोल्याच्या बाजारात उभी राहणार आहेत.