आमचंही गेलंय

भिंगरीने यादीतल्या शेवटच्या अनोळखी फोनवर बोट टेकवलं, 'ब्लॉक' दाबलं आणि फिरत्या खुर्चीत बसल्या बसल्या एक गिरकी घेतली.

"आई, तिसराही गारद!"

"कोण गारद?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"चोर! आपले फोन सोडून आणखी तीन जण आपल्या वायफायवर ठाण मांडून बसले होते. सगळ्यांना हाकललं."

"शाब्बास. आता जरा इकडे येऊन भांडी पुसायला हात लावा, इन्स्पेक्टरसाहेब."

"कायद्याचं काम चालू आहे!"

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. ती चालायला लागली तेव्हा सरळ न जाता स्वतःभोवतीच गोल फिरायची, म्हणून काकांनी ठेवलेलं. शाळेच्या हजेरीपटावर भारदस्त नाव होतं, पण ते तिला कालपरवापर्यंत मोठ्या मापाच्या फ्रॉकसारखं वाटायचं. मग शाळेत सायबर सुरक्षेची कार्यशाळा झाली. मागच्या बाकावरून तिने एक प्रश्न विचारला, आणि शिकवायला आलेल्या बाईंनी फळ्याकडे वळता वळता थांबून म्हटलं, "हा कोणी विचारला? उभी राहा पाहू." सगळा वर्ग मान वळवून तिच्याकडे बघत होता. त्या दिवसापासून ती जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत होती.

घरचा राउटर उघडून बघितला तेव्हा तर तिने कपाळच बडवून घेतलं. सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड कंपनीने दिला होता तोच. वायफायचा पासवर्ड म्हणजे घरातल्या जुन्या स्कूटरचा नंबर. ती स्कूटर भंगारात गेली तरी तिचा नंबर अख्ख्या गल्लीला पाठ असणार! भिंगरीने आकडे, अक्षरं आणि चिन्हं मिसळून असा लांबलचक पासवर्ड बनवला की तो तिलाही दोनदा टाकावा लागला. सुरक्षेचा प्रकार बदलला. तीन परके फोन कायमचे बंद केले. शेवटी उरलं नेटवर्कचं नाव. आत्तापर्यंत तिथे नुसतं 'घर' असं होतं. किती मिळमिळीत! तिने ते खोडलं, क्षणभर जीभ दातांत धरली आणि टाईप केलं : 'फुकट्यांनो, स्वतःचं घ्या'.

आसपासच्या प्रत्येक फोनवर आता हे दिसणार होतं. वरच्या मजल्यावरचे ते गिटारवाले भाडेकरू आपापल्या फोनकडे बघून कसे चपापतील, ते डोळ्यांसमोर आणून ती एकटीच खुदखुदली.

राउटर मधल्या खोलीतल्या फळीवर होता. ही खोली पूर्वी दुप्पट लांब होती. बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा तिच्या मधोमध भिंत आली. खिडक्यांची वाटणी झाली, नळ वेगळे झाले, विजेचे मीटर वेगळे झाले, पलीकडे जायला बाहेरून नवा दरवाजा निघाला. वर्ष होत आलं, तरी अलीकडच्या बाजूने बाबांनी त्या भिंतीला रंग दिला नव्हता. पलीकडून काकांनी दिला की नाही, ते विचारायची सोय नव्हती. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

दर रविवारी दुपारी त्या भिंतीतून काकूचा आवाज यायचा. ती फोनवरून भरतकामाचे वर्ग घ्यायची. 'दोरा सैल सोडा, ओढू नका, कापड आक्रसतं,' असं काही काही. पंख्याच्या घरघरीसारखा तो आवाज आता कोणाच्या लक्षातही येत नसे.

आत्ता मात्र आला, कारण तो मध्येच वेगळा झाला.

"मुलींनो? दिसतेय का मी? ... अगं, कोणीतरी बोला की."

मग थोडं थांबून, "अहो, बघा ना जरा, काय झालंय याला."

मग काहीच नाही.

भिंगरीची खुर्ची थांबली. तिने पाय जमिनीला टेकवले आणि भिंतीकडे बघितलं. मग हातातल्या फोनकडे. तीन फोन. काका, काकू, आणि तो जुना फोन, ज्यावर काकू वर्गाचे नमुने दाखवायची.

ओल्या हातांनी आई दारात येऊन उभी होती. तिनेही ऐकलं होतं.

"काय काय केलंस तू?"

"मला वाटलं, वरचे गिटारवाले..." भिंगरी म्हणाली. "आई, त्यांनी स्वतःचं नाही घेतलं? सगळं तर वेगळं केलं ना आपण?"

"हे नाही केलं."

"विसरले?"

आईने पदराला हात पुसले. खरं तर ते केव्हाच कोरडे झाले होते. "कनेक्शन भाऊजींच्या नावावर. बिल तुझे बाबा भरतात. दोघांपैकी एकही कधी बंद करा म्हणाला नाही. मीही विषय काढला नाही. म्हटलं, राहतंय तेवढं राहू दे."

भिंगरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने घाईघाईने राउटरचं पान उघडलं. "लगेच पहिल्यासारखं करते. त्यांना कळणार पण नाही."

"थांब. ते वर काय लिहिलंयस?"

आईने तिचा फोन स्वतःकडे वळवला आणि वाचलं. मग तो परत देताना इतका हळू दिला, जणू त्यात काहीतरी काठोकाठ भरलेलं होतं.

"हा शब्द कुठून आणलास?"

"असाच सुचला."

"त्या दिवशी यांनी भाऊजींना हाच म्हटला होता. समोरासमोर. त्यानंतर आठवडाभरात भिंत बांधणारे आले."

भिंगरीला वाटलं होतं, शब्द आपला आहे. आता तिला आठवलं : ती बंद दाराशी उभी होती, आतून बाबांचा चढलेला आवाज येत होता, आणि काका, जे सहसा कोणाला बोलू देत नसत, ते एकदम गप्प झाले होते. सुचला नव्हता, तिथून उचलला होता. आणि आता भिंतीपलीकडे तो काकांच्या हातातल्या फोनवर, रंगीत पडद्यावर, ठळक अक्षरांत पोचवला होता. आणि काकांना वाटणार, बाबांनीच लिहिला.

दार उघडल्याचा आवाज आला. बाबा बाजारातून आले होते. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी खिशातून फोन काढला. "अगं, याला नेट का नाही मिळत? हे कसलं नाव..."

भिंगरीने त्यांना ओरडताना बघितलं होतं, चिडून जेवणावरून उठताना बघितलं होतं. असं कधी बघितलं नव्हतं. चष्मा काढून ते दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि चष्मा पुसतच राहिले.

"बाबा, मी... मला माहीत नव्हतं. मी लगेच बदलते."

"वाचलं असेल त्याने?"

तेवढ्यात बेल वाजली.

आईने दार उघडलं. उंबऱ्याबाहेर काका उभे होते. घरातलेच कपडे, पायांत दोन वेगवेगळ्या जोड्यांमधल्या चपला. हातात फोन होता, पण तो त्यांनी पालथा धरला होता. भिंगरी मधल्या खोलीच्या चौकटीला चिकटली. तिला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

"वहिनी," काका म्हणाले. मग स्टुलाकडे न बघता, "दादा, ते... आमचं नेट गेलंय. हिचा वर्ग अर्ध्यावर राहिला. म्हटलं विचारावं, तुमचंही गेलंय का?"

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. भिंगरीला त्यांचा फक्त एक कान आणि मानेची शीर दिसत होती.

"हो," बाबा म्हणाले. "आमचंही गेलंय."

"तरीच."

"मघापासून मी तेच बघतोय. येईल. आत तरी ये, बाहेर काय उभा राहिलास."

काका आत आले. बसावं की नाही, अशा संकोचाने सोफ्याच्या कडेला टेकले. फोन अजून पालथाच, गुडघ्यावर.

"हल्ली या कंपन्यांचं काही खरं नाही," ते म्हणाले. "आपोआप काहीतरी बदलतं. नावंबिवं पण वाट्टेल ती दाखवतात म्हणे."

"हो ना," बाबा म्हणाले.

"मी काही लक्ष देत नाही तिकडे."

आई चहा ठेवायला वळली. वळताना तिने भिंगरीकडे एकदाच बघितलं.

"भिंगरी कुठाय?" काकांनी विचारलं. "तिला विचारायला हवं. तिला कळतं त्यातलं. परवा जिन्यात भेटली तेव्हा शाळेतलं काय काय सांगत होती."

भिंगरी चौकटीपासून मागे सरकली. तिला पुढे होऊन "काका, मी केलं, माझंच ते" असं म्हणायचं होतं. तोंडही उघडलं. पण बाहेर दोघेजण एकमेकांसाठी इतकं सांभाळून खोटं बोलत होते की तिच्या खरेपणाने त्याला धक्का लागला असता. आणि खरं सांगायचं तर धीरही झाला नाही.

"आत आहे," बाबांनी हाक मारली. "भिंगरी, बघ गं जरा काय झालंय ते."

"बघते," ती म्हणाली. आवाज भलताच बारीक निघाला.

राउटरचे सगळे दिवे हिरवेगार चमकत होते. काका आत डोकावले असते, तर त्यांना दिसलं असतं. तिने नाव खोडलं, पुन्हा 'घर' लिहिलं. स्कूटरचा नंबर टाकला. तो तिलाही पाठ होता. तिन्ही फोनांवरची बंदी उठवली. जे करायला तिला अख्खी दुपार लागली होती, ते मोडायला काहीच वेळ लागला नाही. मग तिने हात लांबवून प्लग ओढला. दिवे विझले. आता बाबांचं म्हणणं खरं होतं.

प्लग हातात धरून ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. क्षणभर थांबायचं, पुन्हा लावायचा, दिवे आले की सांगायचं, बस्स. पलीकडे काकूचा फोन आपोआप जोडला जाईल, काका उठतील, 'आलं आलं' म्हणतील.

बाहेर कपांचा आवाज झाला. मग काका म्हणाले,

"दादा, तुझा खोकला अजून आहेच वाटतं. रात्रीचा ऐकू येतो."

"धुळीचा आहे तो."

"एकदा दाखवून तरी ये. मी येतो पाहिजे तर बरोबर."

बाबा खाकरले. काहीतरी बोलले, ते तिला ऐकू आलं नाही. सोफा करकरला, कोणीतरी कडेवरून नीट मागे सरून बसलं होतं.

"आलं का गं?" बाबांनी विचारलं.

भिंगरीने गुडघ्यांत तोंड खुपसलं होतं. ते तिने वर केलं, गाल खांद्याला पुसला आणि प्लग मुठीत घट्ट धरला.

"नाही बाबा," ती म्हणाली. "वेळ लागेल."