शंभर तासांचं पाणी

दचकू नका मित्रांनो, मी डायनो आहे. डायनासोर नव्हे! ज्या तंत्रनिकेतनात मी आता राहतो, तिथं सहलीला आलेली मुलं माझ्यावरची पाटी वाचतात आणि लगेच दात, नखं शोधायला लागतात. समोर मात्र छातीएवढ्या उंचीचा, निळ्या रंगाचा, दोन्ही बाजूंना पाइप जोडलेला एक लोखंडी गोळा असतो. तेव्हा मुलांचे चेहरे असे पडतात की विचारू नका.

माझं पूर्ण नाव डायनॅमोमीटर. काम अगदी सोपं. गाडीत बसवण्याआधी इंजिन माझ्याजवळ आणून मला जोडतात. ते पळायला लागतं, मी त्याला अडवतो. ते आणखी जोर लावतं, मी आणखी अडवतो. शेवटी काट्यावर आकडा येतो, की बुवा, याच्या अंगात एवढा जोर आहे. कबड्डीत चढाईवाल्याचा पाय धरून बसणारा एक जाडजूड गडी असतो ना, तो मी. फरक एवढाच की मी पाण्यानं धरतो. माझ्या पोटात पाणी फिरतं. इंजिनचा सगळा जोर त्या पाण्यात शिरतो आणि पाणी तापतं. मग ते बाहेरच्या टाकीत निवून परत येतं, पण प्रत्येक फेरीला थोडं वाफ होऊन उडून जातं. उन्हाळ्यात थोडं नाही, बरंच.

माझा जन्म कोइमतूरचा. २००५ साली ताडपत्री पांघरून, ट्रकमधून मी वाळूजला आलो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. ज्या कारखान्यात मला उतरवलं, तिथं दर दोन मिनिटांना एक गाडी बाहेर पडे. पांढरी, करडी, पुन्हा पांढरी. पण कारखान्याच्या मागे, कँटीनच्या पलीकडे पत्र्याची एक शेड होती. तिथं आठवड्याला फक्त तीन गाड्या तयार होत. सगळे तिला रेस शेड म्हणत. तिथं कंपनीचीच साधी गाडी घेऊन तिला वेगवान करत. स्प्रिंगा घट्ट, ब्रेक मोठे आणि इंजिन तर पूर्ण नवं.

त्या शेडची एक रीत होती. एक इंजिन एकाच फिटरनं बांधायचं, पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत. आणि ते माझ्याजवळ आलं की चाचणी संपेपर्यंत त्यानंच शेजारी थांबायचं. चहालाही जायचं नाही. इंजिन पास झालं की तो फिटर असा काही छाती काढून बाहेर पडायचा, जणू एका दमात दौलताबादचा किल्ला चढून आलाय!

शेडचे प्रमुख होते मधुसूदन सर. बारीक अंगाचे, मऊ बोलणारे. त्यांच्या घरात आजोबांपर्यंत पौरोहित्य चालत असे. इंजिन सुरू करण्याआधी सर डोळे मिटून ओठ हलवत. सगळ्यांना वाटे, काहीतरी मंत्र असणार. मी जवळून ऐकलंय. "एक, तीन, चार, दोन." कोणता सिलिंडर कधी पेटतो, तो क्रम!

आणि मंजुषाताई. शेडमधली एकटी बाई फिटर. तिच्या सासरची बिडकीनकडची शेती कारखान्यांसाठी गेली आणि घर शहराच्या कडेला, पडेगावला आलं. शेतातल्या पंपाचं इंजिन नुसत्या आवाजावरून दुरुस्त करणारी ही सून मग आयटीआय करून आमच्या शेडमध्ये आली. पहिल्या दिवशी दोघं-तिघं हसले. सहा महिन्यांनी तेच दोघं-तिघं अडलेलं इंजिन घेऊन तिच्या टेबलापाशी उभे असत.

काय दिवस होते ते! आमच्या गाड्या डोंगरातल्या शर्यतींना गेल्या. मासिकांत फोटो आले, त्यातल्या एकात कोपऱ्यात माझा अर्धा पाइपसुद्धा होता. खंडेनवमीला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडे. वर्षातून तेवढा एकच दिवस मी कोरडा असे.

मग काय झालं? एकदम काहीच झालं नाही.

आठवड्याला तीनच्या दोन गाड्या झाल्या. मग एक. धुराचे नियम कडक होत होते, बॅटरीवरच्या गाड्यांची भाषा सुरू झाली होती आणि हातानं बांधलेलं इंजिन कंपनीला परवडत नव्हतं. मोठमोठ्या कंपन्यासुद्धा आपल्या अशा शेडना कुलपं लावताहेत, असं सर एकदा डबा खाताना म्हणाले. लोणच्याची बरणी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, बस्स. दोन फिटर मोठ्या लाइनवर गेले, मग आणखी चार. त्यांच्या कपाटांवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेली नावं कुणी काढली नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. थंड लोखंडाला जसं वाटतं, तसं वाटलं.

२०१६ चा एप्रिल आला. पावसानं सलग दोन वर्षं पाठ फिरवली होती. कारखान्यांचं पाणी कमी झालं होतं, आमची बोअर नुसती हवा ओकत होती. अशात मुख्य कचेरीचा निरोप आला. मंजुषाताईनं बांधलेलं नवं इंजिन पूर्ण जोरात, न थांबता, शंभर तास चालवून दाखवा. सोमवारी सकाळी निकाल द्या. पास झालं तर शेड चालू ठेवण्याचा विचार करू.

न थांबता, हे महत्त्वाचं. मध्ये थांबलं तर पुन्हा शून्यापासून.

बुधवारी सकाळी आठला आम्ही सुरू केलं. सर आणि ताई दोघांनी तिथंच मुक्काम ठोकला. दर तासाला ताई फाइलमध्ये एक ओळ लिहीत असे. जोर किती, तेल किती गरम, पाणी किती गरम. खुर्चीत डुलकी काढायची, पण आवाजात एवढासा फरक पडला तरी तिचे डोळे उघडत. मी तासाला दीड ड्रम पाणी पीत होतो. टाकी संपली, दोन टँकर संपले. ताईनं फोन करून तिसरा मागवला. कुठून येणार, हे तिनं विचारलं नाही.

शनिवारी दुपारी दोन वाजता, अठ्ठ्याहत्तराव्या तासाला, तो आला. टाकीत तेव्हा जेमतेम तासाभराचं पाणी उरलं होतं. सांडू ड्रायव्हर उडी मारून उतरला आणि त्यानं आधी हातच जोडले.

"मॅडम, मी नाय आणलं यांना. गाडी वळवली तं ह्या केबिनमधी चढून बसल्या. म्हनल्या, पानी जाईल तिथं मी जाईन. उतरतच नायत!"

केबिनमधून एक प्लास्टिकची घागर खाली आली. तिच्यामागून मनकर्णाबाई. मंजुषाताईची सासू.

"आगं मंजे! तू व्हय?" त्या पदर सावरत म्हणाल्या. "आमचं पानी पळवनारी मोठी कंपनी कोन, ते बघाया आले मी. तं घरचीच निघाली!"

ताई हातातली फाइल ठेवून पुढं आली. सासूला ती आत्या म्हणत असे. "आत्या, आपल्या गल्लीचा हाय हा? मला खरंच ठाऊक नव्हतं. मी नुसता टँकर सांगितला."

"मालकानं वळवला, मॅडम," सांडू पुटपुटला. "कंपनीचं काम आधी म्हनला."

"आठ दिसांनी नंबर आलता," मनकर्णाबाई म्हणाल्या. "समद्यांचे ड्रम दारात मांडून ठिवलेत. कुत्रीबी येऊन हुंगून गेली, त्यात काय नाय म्हनून."

मग माझ्या बंद खोलीच्या जाड काचेपाशी त्या आल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. इंजिनचा धुराचा पाइप तापून लालभडक झाला होता.

"हे पितंय किती?"

"तासाला दीड ड्रम."

"बया! म्हशीच्या वर हाय की. आन करतंय काय एवढं पिऊन?"

"जोर मोजतंय, आत्या. त्या इंजिनचा." ताईची भाषा सासूसमोर आपोआप घरची झाली होती. "म्या बांधलंय ते. एक बोल्टबी दुसऱ्यानं नाय आवळलेला."

मनकर्णाबाई काचेच्या आणखी जवळ गेल्या. "समदं तू?"

"समदं."

"किती राह्यलं?"

"बावीस तास. आता थांबलं तर पहिल्यापासून. आन सोमवारी निकाल नाय दिला तर शेडला कुलूप."

मधुसूदन सर मागे येऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, "मंजुषा, मी काही सांगणार नाही. टँकर परत पाठवलास तरी चालेल. खरंच."

ताईचा हात काचेबाहेरच्या, चाचणी बंद करणाऱ्या लाल बटणापर्यंत गेला. तिथं थांबला. मला अजून आठवतं, तिच्या बोटांना तेलाचा वास होता आणि बोटं बटणावर टेकली होती, दाबत नव्हती.

तेवढ्यात सांडूचा फोन वाजला. पलीकडे गल्लीतल्या सरूबाई होत्या. इंजिनच्या आवाजातही ऐकू येईल इतक्या जोरात त्या ओरडत होत्या. "सांडू, कुठं मेलास रं? दोन घंटे झाले!"

मनकर्णाबाईंनी फोन त्याच्या हातातून घेतला. "सरू, मी बोलती. टँकर पंक्चर झालाय गं. टायर गेलं. आज काय येत नाय. व्हय, मी हाय ना हितं, बघती मी." फोन परत देऊन त्या म्हणाल्या, "लाव पाइप."

"आत्या..."

"आत्या काय? अर्ध्यातून उठवायचं व्हय त्याला? आमी आठ दिस थांबलो, अजून दोन थांबू. लाव रे सांडू."

पाणी माझ्या टाकीत पडू लागलं. ताई म्हणाली, "घागर तरी भरून घ्या, आत्या."

"नगं. समद्या गल्लीत एकटीचीच घागर भरलेली दिसली, तं काय सांगू?"

रिकामी घागर काखेत घेऊन त्या टँकरमध्ये बसून गेल्या. गल्लीला दोन नव्हे, पाच दिवसांनी पाणी मिळालं.

रविवारी दुपारी बारा वाजता शंभर तास पूर्ण झाले. हवे होते एकशे चाळीस हॉर्सपॉवर. शेवटच्या ओळीत ताईनं लिहिलं, एकशे त्रेचाळीस. सरांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा पुसला. सांडूसुद्धा पेढे घेऊन आला होता, बोला!

सोमवारी सकाळी पत्र आलं. सरांनी ते उभ्यानंच वाचलं. शेड बंद करण्यात येत आहे, कर्मचाऱ्यांना इतर विभागांत सामावून घेण्यात येईल. मग त्यांनी वरची तारीख मोठ्यानं वाचली.

"अठ्ठावीस मार्च."

"सर, आपण तर वीस एप्रिलला सुरू केलं," ताई म्हणाली.

"हो."

"म्हणजे सुरू करायच्या आधीच..."

"हो, मंजुषा."

निकाल मागायला कुणी आलं नाही. मोठ्या कचेरीत एका माणसानं चाचणीचं ठरवलं होतं आणि दुसऱ्यानं पत्रावर सही केली होती, एवढंच. दोघांची भेटच झाली नसावी. सरांनी फाइलला दोरी बांधली आणि ती माझ्याखालच्या कप्प्यात ठेवली. माझ्या पोटातलं उरलेलं पाणी त्यांनी खालचा नळ उघडून सोडून दिलं. दोन बादल्या निघालं. ताईनं त्या नेऊन गेटजवळच्या कडुनिंबाला घातल्या. रडली नाही. मीही ठणठणीत कोरडा होतो.

पुढं कंपनीनं मला या तंत्रनिकेतनाला देऊन टाकलं. काही वर्षांनी मंजुषाताईही इथंच शिकवायला आली. शहर पडेगावच्याही पुढं पसरलं. आणि कारखान्यातून रेस शेडचं नाव लावलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या! दारावर लाल पट्टी, मागे चकचकीत बिल्ला आणि आत तेच साधं इंजिन. हातानं इंजिन बांधण्यापेक्षा बिल्ला चिकटवणं कितीतरी सोपं.

त्यातली एक गाडी सरूबाईंच्या मुलानं, सार्थकनं घेतली. मंजुषाताईच्या हातची म्हणून मुद्दाम घेतली. ताईनं हे मला सांगितलं नाही, यंत्राला कोण सांगतं? ती इथंच शिकवणाऱ्या शैला मॅडमना सांगत होती, माझ्यावर चहाचा कप ठेवून. गाडीची पूजा झाली. मग मनकर्णाबाईंनी सगळ्या गल्लीसमोर सांगून टाकलं, "सरू, त्या दिशी टायर नव्हतं गेलं बरं का. ह्या इंजिनला पाजलं आपलं पानी."

सरूबाई हसून बॉनेटवर थाप मारत म्हणाल्या, "आगं बाई! म्हंजी आमची धुनी राह्यली ती ह्याच्यापायी व्हय! मग ह्यात आमचाबी वाटा हाय की गं मंजे."

सगळ्या बाया मंजुषाताईकडे बघत होत्या. कौतुकानं.

"हाय," ताई म्हणाली.

शैला मॅडमनी विचारलं, "मग गाडीतल्या इंजिनचं खरं कधी सांगणार?" ताईनं कप उचलला, माझ्यावर उमटलेलं चहाचं गोल बाहीनं पुसलं आणि तासाला गेली.

मित्रांनो, मी चालू स्थितीत आहे. मला रंग नको, माळही नको. माझी एवढीच विनंती आहे, की कुणाला शंभर तास पळवायचं असेल तर शेवटी निकाल बघायला हजर राहा. यायचं नसेल, तर आधीच सांगा. त्याला तहान लागते आणि ते पाणी कुणाच्या तरी दारातून येतं.

माझ्याखालचा कप्पा उघडा असतो. त्यात दोरी बांधलेली एक फाइल आहे. शंभर ओळी आहेत, अक्षर सुवाच्य आहे, वाचायला पाच मिनिटं लागतात. अठ्ठ्याहत्तराव्या ओळीनंतरचं पाणी पडेगावचं आहे, ते मात्र तिच्यात लिहिलेलं नाही. इकडे आलात, तर ती फाइल मागा. अजून कुणी मागितलेली नाही.