कंबर एकच

आठ बांबू. मनगटाएवढे जाड, गाठी घासून गुळगुळीत केलेले.

"काऊन म्याडम, कोनाची तिरडी बांधून राहिले?" सौंदड स्टेशनजवळच्या पानठेल्यावरून आलेला प्रश्न. सायकल थांबली नाही.

पाण्याने भरलेली बांधी. धान रोवणारी बाई कधी पुढे चालत नाही. ती मागे मागे सरकते, आणि वाकलेलीच सरकते.

ट्रकमधून उतरलेलं लोखंड. लाल रंग अजून ओला. ज्याने हात लावला त्याचा हात लाल.

शिट्टी. पंचाचा हात वर. बाद.

"मॅडम, आपल्याला फोटो पाहिजे."

हे सगळं दोन हजार नऊच्या पावसाळ्यातलं, आणि सगळं एकाच बाईच्या वाट्याला आलेलं. रंजिता तिचं नाव. सौंदडच्या शाळेत ती मुलींना कबड्डी शिकवायची. नागपूरला शिकताना स्वतः खेळलेली. डावा गुडघा अर्ध्यावर वाकला की अडायचा, पण त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. मुलींच्या अंगात ताकद हवी, हे तिला गावापेक्षा जास्त पटलेलं होतं. ती कशी आणायची, याचा तिचा एक क्रम होता, एवढंच. आधी रिकाम्या हातांनी बसणं-उठणं. मग बांबू. जमिनीवरचा बांबू पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर उचलायचा, टाचा टेकलेल्या, श्वास मोकळा. जिची पाठ वाकली तिने बांबू खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून. महिनेच्या महिने हेच. लोखंड त्यानंतर, तेही थोडं थोडं, आणि अंग शिणलेलं असेल त्या दिवशी अजिबात नाही.

गावाला याची गंमत वाटे. जिथे माणसाचा वकूब पाठीवरच्या पोत्यावरून ठरतो, तिथे पोकळ बांबू उचलायला शिकवणारी मास्तरीण म्हणजे फुकटचा तमाशाच.

रोवणा लागला की अर्धी शाळा बांधीत असायची. तेव्हा तर रंजिता सराव बंदच ठेवी. दिवसभर परे, म्हणजे धानाची रोपं, रोवून आलेल्या पोरींना ती व्हरांड्यात उताणं झोपवायची, पाय भिंतीला टेकवून. संघातल्या खुशीची आई धुरपता एकदा लेकीला बोलवायला आली आणि दारातच थबकली.

"काय जी बाई, निजाची परीक्षा होते का तुमच्या शारेत?"

"कमरेले आराम देऊन राहिली, धुरपताबाई. दिवसभर वाकून होत्या ना."

"वाकून त मीबी होती. मले नाही कोनी निजवत!"

पोरी खुदखुदल्या. रंजिताही हसली. "या ना मग. जागा हाय."

धुरपता आली नाही. घरी चूल पेटायची होती.

त्याच आठवड्यात शाळेला व्यायामाचं साहित्य मिळालं. एक लांब रॉड, आणि दोन्ही टोकांना चढवायच्या लाल प्लेटा. मुख्याध्यापक शालीकराम सरांनी उद्घाटन ठरवलं, पाहुणे ठरवले, मांडव सांगितला आणि मग रंजिताला बोलावलं.

"एखादी मुलगी वजन उचलताना दिसली पाहिजे. ती तुमची खुशी आहे ना, धिप्पाड."

"सर, दहा दिवस पुढे ढकला. रोवणा सुरू आहे."

"रोवणा शेतात, व्यायाम शाळेत. दोन्हीचा काय संबंध?"

"कंबर एकच आहे ना, सर."

सर मनापासून हसले. "बोलता छान तुम्ही. उद्घाटनाला दोन शब्द तुम्हीच बोला. पण मॅडम, आपल्याला फोटो पाहिजे."

दोन शब्दांची तयारी रंजिताने खरोखर केली. कोवळ्या वयात हाड वाढत असतं, वजन वय बघून द्यावं, शेतातलं कामही सरावातच धरावं. सायकलवर येता-जाता ती पुटपुटत राहिली. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना उशीर झाला आणि कार्यक्रमातून नेमके तेच दोन शब्द गळाले.

नारळ फुटला. पाहुणे म्हणाले, "चला, कोन उचलते?"

खुशी बांधीतून थेट आली होती. नववीतली पोर, पावलं पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली, नखांत चिखल. रंजिताने तिच्यापुढे नुसता रॉड ठेवला. प्लेटा नाहीत.

"हे काय जी? पडद्याचा रॉड का?" पाहुणे म्हणाले. मांडव हसला.

मागे धानाच्या मिलमधले हमाल उभे होते, खांद्यावर दुपट्टे टाकून. त्यांच्यात खुशीचा बाप चैतराम. तो सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडला, "टाका ना प्लेटा! माही पोट्टी होय ते!"

सरांनी मान हलवली. दोघांनी प्लेटा चढवल्या.

"सर, नको," रंजिता म्हणाली. माइक सरांच्या हातात चालूच होता. तिचा 'नको' भोंग्यातून स्टेशनापर्यंत गेला, आणि या वेळी मांडव जास्तच हसला.

"खुशी, नाही म्हण," ती हळू आवाजात म्हणाली.

खुशीने बापाकडे पाहिलं. चारचौघांत तो तिला 'माही पोट्टी' असं पहिल्यांदाच म्हणत होता. ती रॉडजवळ गेली, टाचा टेकवल्या, मान लांब केली आणि उठली. पाठ फळीसारखी सरळ. चार महिन्यांचा बांबू त्या एका उठण्यात होता. रंजिताचा ऊर भरून आला, आणि त्याचाच तिला संताप आला.

"आनखी एक चढवा!" गर्दीतून आवाज आला.

आणखी प्लेटा. खुशी पुन्हा वाकली. या खेपेला मांड्या थरथरल्या आणि उचलता उचलता पाठ कमानीसारखी गोल झाली. टाळ्या वाजल्या. पाठीकडे कुणी बघत नव्हतं, सगळे प्लेटांकडे बघत होते.

"ओ पोरी, फ्लॅश नाही पडला," फोटोवाला म्हणाला. "एकडाव अजून."

एकडाव अजून.

मांडव उठल्यावर रंजिताने तिला गाठलं.

"दुखते का?"

"नाही म्याडम."

"खरं सांग."

"नाही जी. जातो मी. उद्या वरच्या बांधीत रोवना हाय."

पुढचे दिवस ती वरच्या बांधीत होती. शाळेत आली तेव्हा बाकावरून उठताना टेबल धरायला लागली होती. रंजिताने तालुक्याच्या सामन्यांच्या संघातून तिचं नाव काढलं, सरांनी परत घातलं. फोटोतली मुलगीच खेळणार नाही, तर लोक काय म्हणतील? खुशीला विचारलं, तर ती सगळ्यांसमोर उड्या मारून दाखवायची. "पाहा ना म्याडम, काही नाही झालं!" रंजिताजवळ दाखवायला काय होतं? दुखणं दुसऱ्याच्या अंगात, आणि ते अंग म्हणतंय, नाही.

कोहमाऱ्यापर्यंत टेम्पो गाणी म्हणत गेला. तिथे फाट्यावर पोरींनी भजी खाल्ली. खुशी टेम्पोतून उतरली नाही, तिने भजी वरच मागवली. तालुक्याच्या मैदानावर पहिल्या डावात ती दोनदा चढाईला गेली आणि दोन्ही वेळा गडी बाद करून आली. तिसऱ्या चढाईला ती समोरच्या पोरीच्या पायाला हात लावायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

समोरच्या पोरींना वाटलं, डाव टाकते आहे. कुणी पुढे आलं नाही. तोंडातलं कबड्डी, कबड्डी हळूहळू बारीक झालं आणि तुटलं. तेव्हा त्यांच्यातल्याच एका पोरीने पुढे होऊन तिला काखेत धरलं. पंचाने शिट्टी वाजवली. दम तुटला होता. बाद.

गोंदियाच्या डॉक्टरांनी मणक्याला बारीक चीर सांगितली. चार महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही. खेळाचं पुढच्या वर्षी पाहू.

मग सौंदड बोलायला लागलं.

"बांबूनं का ताकद येते?"

"पयलेपासून लोखंड देलं असतं त हाड पक्कं झालं असतं."

"निजवून ठेवे ना पोरींले. नाजूक करून टाकल्या."

पानठेल्यावरचा तोच माणूस, आता गंभीर होऊन: "म्याडम, तुमाले काही समजते का नाही?"

शालीकराम सरांनी सांगितलं, उद्यापासून सगळ्या मुलींना रोज वजन, संघ कच्चा राहिला. सांगताना त्यांच्या मागे भिंतीवर फोटो होता. फ्लॅश नीट पडला होता. बांबू गणपतीच्या मांडवाला गेले. रंजिताने उत्तर दिलं नाही असं नाही. तिने सरांना सांगितलं, पानठेल्यावर सायकल थांबवून सांगितलं, दवाखान्याच्या बाकावर धुरपताला सांगितलं. प्रत्येक जण ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "तरी पन."

दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी चैतराम तिच्या घरी आला. मिलमधून सरळ आला होता, भुवयांवर कोंडा. खुर्ची दिली तर खुर्चीच्या कडेला टेकला.

"खुशी सांगे, तुमी मनाई केली होती."

"केली होती."

"मंग जोरानं कायले नाही केली?"

रंजिताचं डोकं भणभणलं. "भोंग्यातून केली, चैतरामभाऊ! स्टेशनापर्यंत ऐकू गेली. सारे हसून राहिले होते. तुमीबी."

"मी नाही हसलो."

"मग काय केलं?"

त्याने दुपट्ट्याने भुवयांवरचा कोंडा पुसला. "पोट्टीचं नाव घेऊन राहिले होते ना जी सारे. मले वाटलं, घेऊ द्या."

तिने चहा ठेवला.

"माह्यासारखी त नाही होनार ना ते?" त्याने कप हातात घेत विचारलं.

"आराम देला त नाही होनार. सांगेन तेव्हाच उठवाची, सांगेन तेवढंच उचलाले द्याचं. पुढच्या वर्सी रोवन्यात उतरवाची नाही."

"बाईमानूस रोवन्यात नाही उतरन? लोकं हसतीन."

"हसू द्या."

त्याने मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे रंजिताला कळलं नाही, आणि विचारण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तो जायला निघाला. सरळ उठला नाही. आधी एका अंगाला वळला, गुडघ्यावर हात रोवला, दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरली आणि स्वतःला वर घेतलं. दोन पावलं तसाच अर्धा वाकून गेला, मग हळूहळू सरळ झाला, पण पूर्ण नाही.

चैतरामने मिलमध्ये पहिलं पोतं पाठीवर घेतलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.