पालथा डफ

कडब्याच्या जाळावर डफ शेकत आबा देवळामागे उकिडवे बसले होते. कातडं तापलं की टिचकी मारायची, कान लावायचा आणि पुन्हा जरा शेकायचं, असं त्यांचं चाललं होतं. यात्रेतल्या कुस्त्या नुकत्याच उरकल्या होत्या. अंगाची माती झटकत माणसं महादेवाच्या मंडपाकडे सरकत होती, कारण आता भेदिक गाण्यांची वेळ झाली होती. तेवढ्यात यात्रा कमिटीचा अध्यक्ष जयराज आला, आबांच्या पाया पडला आणि पडून झाल्यावरही तिथंच घुटमळला. पाया पडून घुटमळणारा माणूस नको ते सांगायला आलेला असतो, हे या वयात आबांना कुणी शिकवायला नको होतं.

“आबा, यंदा तुमी एकट्यानंच गायचं.”

“आणि चांदसाहेब?”

“त्यास्नी सकाळीच फोन केला. येऊ नका म्हणलं.”

“का?”

“आवं, दिवस कसं हायत बघताय न्हवं? ते आपल्या देवावर सवाल टाकणार, कुणीतरी मोबाईलवर धरणार आणि अर्धाच तुकडा सगळीकडं फिरवणार. लोकांच्या भावना दुखावत्यात.”

“कुणाच्या?”

“लोकांच्या.”

“नाव सांग की. गावातल्या एकाचं तरी सांग.”

जयराज इकडेतिकडे बघू लागला. नाव नव्हतंच, तर सांगणार कुठून? आबांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डफाचं कातडं करपायला लागल्याचा वास आला तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

भेदिक गाण्यात दोन बाजू असतात. तुरेवाले म्हणतात शिव मोठा, कलगीवाले म्हणतात शक्ती मोठी. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने उत्तर देऊन तो गाण्यातूनच तोडायचा आणि उलटा सवाल टाकायचा. या गावची रीत अशी की, ज्याला सवाल तोडता आला नाही त्याने आपला डफ मंडपात पालथा ठेवायचा आणि जिंकणाऱ्याने मानाचा नारळ घ्यायचा. आबा तुरेवाले, चांदसाहेब कलगीवाला. दोघांनाही ही बाजू आपापल्या गुरूकडून आलेली. तरणे होते तेव्हापासून दोघं या मंडपात भांडत होते आणि आजवर दोघांपैकी कुणाचाही डफ पालथा पडला नव्हता.

गंमत अशी की आबांच्या घरात महादेव नव्हता आणि चांदसाहेबाच्या घरात देवी नव्हती. आबांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव गेले होते. पुतण्या प्रबुद्ध आबांच्या मागे तुणतुणं धरून झील ओढायचा, तरी टोमणा मारायला चुकत नसे. “काका, देव सोडलं आणि देवाचं वकील झालासा.” आबा म्हणायचे, “वकिलाला कुणी इचारतं का रं, खून तू केलास का म्हणून?” तिकडे चांदसाहेबालाही घरचे कमी बोलले नव्हते. त्यानेही सगळ्यांशी वाद घातला, कुणाचं पटवून घेतलं, कुणाला पटवलं, पण डफ काही खुंटीला लावला नाही.

आणि ज्याला या सगळ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तो जयराज आज वाद कुणी घालायचा ते ठरवत होता.

आबांनी फोन लावला. चांदसाहेबाचं कुंडलला गाद्या भरायचं दुकान होतं. पलीकडून कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज आला, मग मशीन थांबलं.

“मी न्हाई गात,” आबा म्हणाले. “डफ घेऊन घरला चाललोय.”

“येडा का काय? गा तू. यंदा फड मोकळा ठेवलास तर फुडल्या वर्षी तितं डीजे बसंल.”

“तुला राग न्हाई आला व्हय रं?”

“आलाय. लय आलाय. म्हणूनच गा म्हणतोय.”

मशीन पुन्हा सुरू झालं. जयराज सगळं ऐकत उभा होता. त्याचा चेहरा खुलला.

“बघा, त्यांचंबी काय म्हणणं न्हाई. आणि आबा, त्यांची उत्तरं तुमाला पाठच असतील. तीबी तुमीच म्हणा, म्हंजे लोकास्नी दोनी बाजू ऐकल्यागत हुईल.”

आबांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

“दोनी बाजू मीच म्हणू?”

“व्हय की.”

“बरं,” आबा म्हणाले आणि डफ उचलून उभे राहिले.

मंडप गच्च भरला होता. पहिल्या रांगेत धोंडुबाई पाय पसरून बसली होती. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिने एकही यात्रा चुकवली नव्हती. आबांच्या समोरची घोंगडी रिकामी बघून ती शेजारणीला मोठ्याने म्हणाली, “आनि आमचा कलगीवाला कुठं गेला गं?” शेजारणीने तिला हळूच कोपर मारलं. लोकांनी जयराजकडे पाहिलं, जयराजने माईककडे पाहिलं.

आबांनी डफावर थाप टाकली. प्रबुद्धचं तुणतुणं लागलं.

“बी न्हाई तर रान रिकामं, नुसती माती काय पिकंल?
शिवाबिगर शक्ती तुझी, गड्या, सांग कशावर टिकंल?”

टाळ्या पडल्या. मग आबा उठले, चार पावलं चालून समोरच्या रिकाम्या घोंगडीवर जाऊन बसले आणि चांदसाहेबाच्या पट्टीत, थोडं नाकात, त्याच्यासारखी मान वाकडी करून गायला लागले.

“बी मुठीत धर, बस जलमभर, मूठ का अंकुर फोडंल?
माती जवा त्याला पोटात घेईल, तवाच कोंब डोकं काढंल.”

लोक खदखदून हसले. नक्कल हुबेहूब होती. पण दोन-तीन सवाल झाल्यावर हसू ओसरलं. आबा नक्कल करत नव्हते. त्या घोंगडीवर बसले की ते खरंच भांडत होते. चांदसाहेबाचा एकेक मुद्दा ते असा मांडत होते की स्वतः चांदसाहेबानेही तो इतका धारदार कधी मांडला नसेल. तिकडून इकडे, इकडून तिकडे येताना धोतराचा सोगा पायात येत होता, घाम गळत होता. अंगातला राग त्यांना बसू देत नव्हता. चांदसाहेबाला मंडपाबाहेर काढलंत ना, मग ऐका, तो काय म्हणतो ते पुरतं ऐका.

आणि मग तो सवाल आला. चांदसाहेब दरसाल शेवटी टाकायचा तोच.

“डोळं मिटून बसला समाधीत, बोल ना फुटला ओठी,
थोर हाय त्यो, म्हणालं कवा कोण? वाचा ती कुणापोटी?”

शिव तर मुका बसलेला. तो मोठा आहे हे जगाला सांगायला वाणी लागली, आणि वाणी ही शक्तीची. म्हणजे त्याचा मोठेपणासुद्धा तिच्याच पदरचा.

आबा आपल्या घोंगडीवर परत आले. या सवालावर त्यांचं ठरलेलं होतं. कलगीवाल्याच्या बायकोचं, नूरजहांचं नाव घेऊन एक चेष्टेची ओळ टाकायची, डफ जोरात वाजवायचा, माणसं हसली की आरती लावायची. दरसाल हेच व्हायचं. चांदसाहेबही हसायचा.

त्यांनी हात उचलला. समोर घोंगडी रिकामी होती. आता चेष्टा कुणाची करणार? सवाल त्यांनीच टाकला होता, मनापासून टाकला होता आणि त्याला आपल्याकडे उत्तर नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं. हात तसाच वर राहिला. तुणतुणं एकटंच वाजत होतं.

“आबा, तोडा की सवाल!” धोंडुबाई ओरडली.

आबांनी हात खाली घेतला. डफ उचलला आणि मंडपाच्या मधोमध पालथा ठेवला.

जयराज धावत माईकपाशी आला. “आबांनी लय सुंदर...” एवढंच त्याच्या तोंडून बाहेर पडलं, तोवर आबांनी माईक काढून घेतला.

“तुरा हरला. कलगी जिंकली. मानाचा नारळ कलगीवाल्याचा हाय. द्या हिकडं, मी पोचवतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा कुंडलला गेले. चांदसाहेब गादीला टाके घालत होता. आबांनी नारळ त्याच्यापुढे ठेवला आणि झालेलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता चांदसाहेबाच्या कपाळाच्या शिरा फुगल्या.

“मी न्हवतो तितं, आनि मी जिकलो?”

“मग? सवाल तुटला न्हाई माज्याकडनं.”

“घेऊन जा त्यो नारळ. मला नगं. समोर माणूस न्हाई, त्याचं ऐकून घेतलं न्हाई, त्यो वाद हाय व्हय? सुई हातात हाय म्हणून गप हाय मी, न्हाईतर त्या जयराजच्या कमिटीला...” त्याने कचकन टाका ओढला. “जलम गेला माजा त्या मंडपात. आनि फोनवर म्हणतो, येऊ नका. घरला येऊन तोंडावर म्हणायचं हुतं.”

आतून नूरजहांने चहा आणून ठेवला आणि दोघांची तोंडं बघून ती परत गेली.

“आनि तूबी,” चांदसाहेब म्हणाला, “एवढ्या सवालाला हरलास?”

“तुज्याकडं हाय का उत्तर?”

चांदसाहेबाने सुई कापसात खोचली. डफ नव्हता, म्हणून गादीवरच बोटांनी ठेका धरून तो हळू गुणगुणला.

“बोलली ती खरी, पर बोलली कुणाला? वाऱ्याशी का कुणी बोलंल?
मुका न्हवता त्यो, ऐकत हुता, ऐकण्याबिगर बोल काय तोलंल?”

आबांनी बशी खाली ठेवली. ओळ त्यांनी मनात दोनदा उलटीपालटी करून बघितली. शक्ती बोलली, पण कुणीतरी डोळे मिटून निवांत ऐकत होता म्हणून तिचं बोलणं बोलणं झालं. कुठूनही धरा, सवाल साफ तुटत होता.

“कवापासनं हाय हे तुज्याकडं?”

“लय वर्सं झाली.”

“आनि बोलला न्हाईस?”

“मी कलगीवाला. तुज्या बाजूचं उत्तर मी कशाला देऊ?” चांदसाहेब म्हणाला. “आनि तू कवा हरलासच न्हाईस. दरसाल नूरजहांचं नाव घेऊन पळून जायाचास. काल हरलास, म्हणून आज दिलं.”

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. जयराज होता. त्याचा आवाज इतका चढला होता की चांदसाहेबालाही ऐकू येत होता.

“आबा, गावात लय बोलत्यात माणसं. देवाच्या दारात देवच हरला म्हणत्यात. धोंडुबाई तर पारावर बसून सगळ्यास्नी त्योच सवाल इचारायलीय आनि कुणाला जमंना. कायबी करा, पर त्याचं उत्तर काढा. सांजच्याला परत फड लावतो.”

उत्तर आबांच्या ओठावर होतं. दोनच ओळी होत्या. म्हटल्या असत्या तर त्यांचा डफही सरळ झाला असता.

“उत्तर हाय,” आबा म्हणाले.

“हाय? मग म्हणा की लवकर!”

“माजं न्हाई त्ये. ज्याचं हाय त्याला इचार. येतोस का म्हणून इचार, नीट.”

आणि त्यांनी फोन गादीवर, चांदसाहेबाच्या समोर ठेवला.

“हॅलो? आबा? हॅलो, कुणाला इचारू?” जयराज कापसातून ओरडत राहिला. चांदसाहेबाने खोचलेली सुई काढली आणि अर्धा राहिलेला टाका घातला. गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. जयराजचा आवाज हळूहळू खाली आला. मग पलीकडे तोही गप्प झाला, पण फोन त्याने ठेवला नाही.

“हां,” चांदसाहेब फोनकडे वाकून म्हणाला, “आता बोल.”