आयर्न सल्फेट, दोन बाटल्या

"आयर्न सल्फेट, दोन बाटल्या," फोनवर शाळेच्या बाई म्हणाल्या.

"टू की थ्री?" रसायनांच्या दुकानातल्या कारकुनाने विचारलं.

"अगं बाई, राहिलंच की! टू हो, हिरवे खडे. नाहीतर पाठवाल थ्रीची पिवळट पूड, आणि माझ्या पोरींचा प्रयोग बसेल बोंबलत."

"मी असताना? काहीतरीच!"

लोखंड दोन रूपांत येतं, म्हणून नावात आकडा सांगावाच लागतो. नुसतं आयर्न सल्फेट म्हणणं म्हणजे आडनाव सांगून गप्प बसणं. आता रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई, आणि नेमका आकडाच विसरतात! पण कारकुनाचं आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं होतं. आकडा विचारायचा, की गप्पांची गाडी बाईंच्या गुडघ्यांवर, त्याच्या करपलेल्या भाजीवर, कुठंही जायची. तोही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता म्हणा. एकदा त्याने चक्क "झिंक नायट्रेट टू की थ्री?" असं विचारलं होतं. झिंकला एकच रूप, आकडा लागतच नाही, हे दुकानातल्या उंदरांनाही ठाऊक. बाईंना हसून हसून ठसका लागला. मग त्यांनी त्याला सगळं सावकाश समजावून सांगितलं आणि त्याने ते शहाण्या मुलासारखं ऐकून घेतलं.

माल टेम्पोने जायचा, त्यामुळे दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. बाई एकट्या, हाही लग्न राहून गेलेला. एकदा येऊन भेटू का, एवढंच त्याला विचारायचं होतं. आज तर त्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं.

बाईंनी लगेच फोन ठेवला नाही. "अजून काही विचारायचंय का तुम्हाला?"

त्याने ऑर्डरच्या वहीत डोकं खुपसलं. "कॉपर कार्बोनेट नको का या वेळी?"

"आहे शिल्लक," बाई म्हणाल्या. "ठेवते मग."

"तुझं घोडं कुठं पेंड खातं रे?" गल्ल्यावरून मालक ओरडले. ते थट्टेची एक संधी सोडत नसत.

सुट्टी संपून शाळा उघडली आणि फोनवर वेगळाच, तरुण आवाज आला. "आयर्न टू सल्फेट, दोन. आयर्न थ्री नायट्रेट, एक. झिंक सल्फेट, एक." एका दमात सगळं. विचारायला काही उरलंच नाही.

"बाई कुठंयत?"

"निवृत्त झाल्या. बहिणीकडे गेल्या परदेशी, कायमच्याच. त्यांच्या जागी मी. त्यांचीच विद्यार्थिनी."

"तरीच आकडे सांगताय. बाई दर वेळी विसरायच्या."

"कोण, बाई?" ती हसायलाच लागली. "शक्यच नाही! नावातला आकडा गाळला की सरळ भोपळा द्यायच्या हातात. एक वेळ जेवायला विसरतील, पण आकडा? छे हो!"

कारकुनाला पुढचं काही ऐकू आलं नाही. मग त्या का विसरायच्या, हे त्याला कळलं, आणि कळल्यावर बसवेना. इतकी वर्षं ती बाई त्याच्यासाठी दार किलकिलं ठेवत होती, आणि हा मठ्ठ बाहेर उभा!

"काय रे, तोंड का पडलं?" मालकांनी विचारलं.

"मला बाईंना भेटायचं होतं हो," तो म्हणाला. "गेल्या त्या. राहूनच गेलं."

गल्ल्यावरून उठून मालकांनी शिडी धरली, आणि कारकून वरच्या फळीवरच्या हिरव्या खड्यांच्या बाटल्या काढायला चढला.