चंद्रभागाबाईंचं राज्य

२००३ च्या उन्हाळी सुटीत कुरुंद्याच्या शाळेतल्या चंद्रभागाबाई रोज अकराच्या जीपनं वसमतला कम्प्युटर शिकायला जायच्या. सरकारी नोकरांना ती परीक्षा सक्तीची झाली होती. सव्वीस वर्षं पहिलीच्या लेकरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतलेल्या बाईंचा स्वतःचा हात मात्र माऊसवर काही केल्या बसेना. पडद्यावरचा बाण एकीकडं पळायचा आणि बाई दुसरीकडं बघायच्या.

क्लास चालवणारा विजयकुमार बाईंचाच जुना विद्यार्थी. त्यानं एक खेळ लावून दिला. "बाई, रोज शिकवणी झाली की तासभर हे खेळा. हात आपोआप बसंल."

खेळ राज्य उभारायचा होता. सुरुवातीला नुसती रानटी माणसं आणि एक रिकामा मुलूख. गावं वसवायची, शेती वाढवायची, रस्ते करायचे, विद्या शिकत जायचं. आपली खेळी झाली की बाकीच्या पाच राजांच्या खेळ्या कम्प्युटर करायचा आणि मग पुन्हा आपली पाळी यायची. घाई नव्हती. एकेका खेळीवर बाई पाच-पाच मिनिटं विचार करत बसायच्या, आणि हेच त्यांना आवडलं.

राजधानीला त्यांनी कुरुंदा नाव दिलं. मग वसमत, औंढा, जवळा बाजार अशी कुरुंद्यासकट सात गावं वसवली. गावागावात शाळा, धान्याचं कोठार, देऊळ. कुरुंद्यात एक मोठं ग्रंथालय बांधायला काढलं. जगात असं एकच होणार होतं आणि त्याला चाळीस खेळ्या लागणार होत्या. शेजारच्या लाल राजानं एकदा खंडणी मागितली, ती बाईंनी ताठ मानेनं नाकारली. गावावर पहारा म्हणून एकेक भालेवाला होता, तेवढा पुरे असं त्यांना वाटलं.

बारा खेळ्यांनी लाल राजाचे घोडेस्वार आले. पहिल्या दिवशी औंढा गेलं. दुसऱ्या दिवशी जवळा बाजार आणि डोंगरापलीकडचं एक लहान गाव. तिसऱ्या दिवशी कुरुंद्याला वेढा पडला.

त्या संध्याकाळी जेवताना बाई म्हणाल्या, "औंढा गेलं, जवळा बाजार गेलं."

नवरा रामप्रसाद हळदीच्या रानातून नुकताच आला होता. "कुठं गेलं?"

बाईंनी सगळं सांगितलं. रामप्रसादनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग पहारा काहून नव्हता ठेवला?"

बाईंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मशीनवर बसणारे शिवहार तलाठी पडद्यात डोकावून हसत म्हणाले, "बाई, तुमचं राज्य तर बुडालं. सोडून द्या आता."

विजयकुमारला वाईट वाटलं. "बाई, खेळ मधूनमधून जपून ठेवलेला असतो. तुमाला साठ खेळ्या मागं नेतो. तिथून नीट पहारा बसवा, कायबी होत न्हाई. सगळे असंच करतात."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तू पहिलीत असताना गणित चुकलं की पान फाडायचास. मी फाडू देत होते का?"

"न्हाई."

"खाली नव्या ओळीवर सोडव म्हणायची. इथूनच खेळू दे मला."

मग त्यांनी वहीचं एक कोरं पान घेतलं आणि आपण काय काय चुकलो ते लिहून काढलं. पहारा नाही. गावं लांब-लांब, मधे रस्ता नाही. सैन्य नसताना राजाला दुखावलं. आणि ग्रंथालय. ते शेवटचं लिहिताना त्यांचा हात थांबला, कारण बावीस खेळ्यांचं काम झालं होतं.

तरी त्यांनी ग्रंथालय सोडलं. तेच मजूर तटबंदीवर लावले. कुरुंद्यात चार भालेवाले बसले आणि वेढा अकरा खेळ्या टिकून उठला. मग बाईंनी लाल राजाशी तह केला. डोंगरापलीकडचं गाव त्याचंच राहिलं, ते त्यांनी मनातूनही सोडून दिलं. उत्तरेच्या निळ्या राजाला त्यांनी लिहिण्याची विद्या शिकवली आणि बदल्यात लोखंडाची घेतली.

तीस खेळ्या त्या नुसत्या थांबल्या. पाट काढले, रानं भिजवली, लोक वाढवले. निळ्या आणि लाल राजाची जुंपली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. तह मोडून दगडफेकीच्या सहा तोफा त्यांनी थेट औंढ्यावर पाठवल्या. सोबत एकही शिपाई नव्हता. उघड्या माळावर घोडेस्वारांनी सहाही मोडून टाकल्या.

शिवहार या वेळी हसले नाहीत. "बाई, पुन्हा तेच झालं की."

"व्हय, घाई झाली," बाई म्हणाल्या आणि वहीत पाचवी ओळ लिहिली.

पुढच्या आठ दिवसांत त्यांनी एकही हल्ला केला नाही. कुरुंद्यापासून जवळा बाजारच्या शिवेपर्यंत रस्ता बांधला. रस्ता झाल्यावर शिपाई आणि तोफा एकाच खेळीत वेशीवर उभ्या राहिल्या. जवळा बाजार दोन खेळ्यांत परत आलं. तिथं त्यांनी आधी तट बांधला, तीन भालेवाले ठेवले, मगच पुढचा रस्ता काढला. तोवर माऊस त्यांच्या हातात कसा वागत होता याकडं कुणाचं लक्षही राहिलं नव्हतं. शिकवणी संपली तरी शिवहार खुर्ची ओढून शेजारी बसायचे.

शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी औंढाही परत आलं. खेळाची ठरलेली वर्षं त्याच दुपारी संपली. सहा राजांमध्ये बाईंचा नंबर तिसरा आला. लाल राजा पाचवा होता.

विजयकुमार पडद्याकडं बघत राहिला. "बाई, मी दोनदा पहिला आलो. पण दोन्ही डाव मागं जाऊन-जाऊन जिंकलेले आहेत."

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. तिसऱ्या नंबरचं त्यांना जराही वाईट वाटलं नव्हतं.

शिवहार घसा खाकरून म्हणाले, "मला शिकवता का बाई? सोमवारपासून."

"सोमवारी शाळा आहे भाऊसाहेब. रविवारी येईन. वही घेऊन या."

तेवढ्यात बियाणं घ्यायला वसमतला आलेला रामप्रसाद बायकोला घेऊन जायला क्लासच्या दारात आला. बाईंनी त्याला आत बोलावलं. चप्पल बाहेर काढून तो त्यांच्या मागं येऊन उभा राहिला.

"यात आपलं कोणतं?"

बाईंनी बाण अलगद शिवेवरून फिरवला. नदी, रस्ता, तट घातलेली सहा गावं.

"एवढं सगळं तू केलंस?"

"व्हय. हरवलंबी मीच आणि परत आणलंबी मीच."

रामप्रसादनं खुर्ची ओढली आणि शेजारी बसला. "आता सावकाश दाखव," तो म्हणाला, "जीपला येळ हाय अजून."